लखमायची पायधुणी

मला किळस येते. कशाचीही येते. चहावर धरलेल्या सायीची येते, दुसऱ्याच्या साबणाला चिकटलेल्या केसाची येते, बसच्या काचेवर कुणाच्या तेलकट डोक्याने ठेवलेल्या डागाची येते. पालघरच्या टपाल कचेरीत मी एकतीस वर्षं काउंटरवर काढली, आणि एकतीस वर्षं जिभेने तिकीट चाटून पाकिटावर दाबणाऱ्या माणसांकडे बघून दातओठ खाल्ले. समोर डिंकाची बाटली असायची हो, डोळ्यांसमोर! तरी चाटायचे. वर तेच पाकीट माझ्या हातात द्यायचे. नवरा म्हणतो, देवाने तुला नाक जरा जास्तच मनापासून दिलंय. त्याला काय जातंय बोलायला, त्याला कढी आंबली तरी कळत नाही.

आणि अशा बाईच्या वाट्याला काय यावं? तर लखमायचं घंगाळ.

आज श्रावणातली दुसरी एकादशी. सकाळच्या एस.टी.त मी खिडकीपाशी बसलेय आणि मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते घंगाळ आहे. तांब्याचं, दोन बाजूंना दोन कड्या, बुडाला एक पोचा. शेजारची बाई दोनदा विचारून झाली, मोडीत घालायला नेताय का म्हणून. मी नाही म्हटलं. मग कुणाचं लग्न आहे का? तेही नाही म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिने माझ्यापासून चार बोटं सरकून घेतलं असतं. या घंगाळात चिंचणीच्या अलीकडच्या आमच्या गावात, शेकडो वर्षं, लोकांचे सडलेले पाय धुतलेत.

ते धुवायचा मान आमच्या घराचा. आई ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत धूत होती. चैत्रात ती गेली. मला भाऊ नाही, म्हणजे भावजय नाही, म्हणजे मान माझ्यावर आला. नियम सरळ आहे: एकादशीला घरातल्या बाईने निदान एका माणसाचे पाय धुवायचे. एक वर्ष चुकलं की मान खंडित. मग घंगाळ देवस्थान समितीकडे जाणार आणि काचेच्या कपाटात बसणार. आईच्या तेराव्याला, पायधुणीचं पाणी तापवणाऱ्या देवलीमावशीने माझा हात धरून विचारलं, "एकादशीला येशील ना गं?" मी हो म्हटलं. रडता रडता माणूस कशालाही हो म्हणतं. मी अकरा वर्षांची असताना एकदा त्या पायांजवळ गेले होते. त्यानंतर आज.

लखमाय कधी होऊन गेली ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं बिंब राजाच्या काळात, कुणी म्हणतं फिरंगी यायच्या दोन पिढ्या आधी. ती गढीवरची सून, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक. खाडीच्या मुखाशी गढी होती, आता तिचा एकच बुरूज उरलाय आणि त्यावर पिंपळ माजलाय. लखमादेवी तिचं नाव. सात गाड्या भरून आंदण घेऊन आली, त्यातच हे घंगाळ. विसाव्या वर्षी नवरा गेला. त्याच साली मुलखात महारोग पसरला, आणि गढीवाल्यांनी रोग्यांना खाडीपलीकडे तिवरांच्या चिखलात हाकलून दिलं. ओहोटीच्या वेळी त्यांच्या हाका गढीपर्यंत यायच्या म्हणे. एका श्रावणातल्या एकादशीला ही बाई उठली, दागिन्यांची पेटी सासूच्या पुढ्यात ठेवली, घंगाळ डोक्यावर घेतलं आणि कंबरभर चिखलातून पलीकडे जाऊन त्यांचे पाय धुवायला बसली. संध्याकाळी परतली तर दरवाजा बंद. सासऱ्याने वरून सांगितलं, गोमूत्र पी, पुन्हा जाणार नाही म्हणून शपथ घे, मग उघडतो. ती तशीच मागे फिरली. उरलेलं आयुष्य पलीकडेच काढलं आणि त्याच रोगाने गेली. मग ज्या गढीने दार लावलं होतं, तिनेच तिचं देऊळ बांधलं. आपल्याकडचं नेहमीचंच.

कीर्तनकार सांगायचे, रोग्यांचा पू तिच्या हाताला लागला की त्याचं चंदन व्हायचं, जखमांना सोनचाफ्याचा वास यायचा. लहानपणी मी हे तोंडाचा आ करून ऐकायची. आता ऐकलं की मस्तक फिरतं. अहो, चंदनच व्हायचं होतं तर कुणीही धुतले असते! मीसुद्धा धुतले असते, सासऱ्यानेसुद्धा धुतले असते, गढीवरून रांग लागली असती. बाईने एवढं घर सोडलं ते काय चंदन उगाळायला?

उमरोळी मागे पडली आणि बोईसरचे रसायनांचे कारखाने जवळ आले हे मला डोळे मिटूनही कळतं. आधी नासलेल्या अंड्यांचा वास येतो. मग गोडसर, नेलपॉलिशची बाटली उपडी झाल्यासारखा. मग काहीतरी जळाल्याचा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. पुलाखालचं नाल्याचं पाणी आज विटकरी होतं, वर साबणासारखा फेस. गाडीतल्या कुणीही नाकाला रुमाल लावला नाही. सगळ्यांना सवय झालीय. मला त्या वासाइतकीच या सवयीची शिसारी येते. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा रात्रपाळी संपवून आलेली पोरं चढली, हिंदीत एकमेकांच्या खोड्या काढत, केसांत कसलीतरी पिवळी भुकटी. त्यातला एक माझ्या सीटच्या दांडीला धरून उभा राहिला. त्याचा अंगठा पिवळाधमक होता, हळद कुटल्यासारखा. मी घंगाळ जवळ ओढून घेतलं आणि बाहेर बघत बसले. शरम वाटली, पण ओढून घेतलं ते घेतलंच.

आमच्या लहानपणी याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी भात होतं. श्रावणात त्याला हिरवा, कच्च्या दुधासारखा वास यायचा. आमची वाडी खाडीच्या अलीकडे. सुपाऱ्या, नारळ, पानवेलीचा मांडव, चिकूची दहा झाडं. पावसात खाली पडलेले चिकू आंबायचे आणि वाडीभर दारूसारखा दरवळ सुटायचा. वडील ओटीवर बसून डाय कोरायचे. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर फुलं, वेली, मोर उलटे कोरायचे, मग सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिने उठवायचे. टिक, टिक, टिक. पावसाच्या आवाजात तो एक बारीक आवाज दिवसभर चालू असायचा, आणि तो थांबला की आई चुलीवरून विचारायची, "चहा हवा का?"

एकादशीच्या आदल्या दिवशी आई घंगाळ काढायची. चिंच आणि राख घेऊन काथ्याने घासायची. घंगाळ लाल, गोरं व्हायचं, कोळणीच्या नथीतल्या मण्यासारखं चमकायचं. मग आई हातातल्या बांगड्या साबण लावून उतरवायची आणि देवापुढे ठेवायची. नखं कापायची, अगदी मांसापर्यंत. दुसऱ्या दिवशी पाय धुऊन होईपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. आणि नियम ती मला दरवर्षी सांगायची, जसं काही मी विसरणार होते:

"नाकाला पदर नाय लावायचा. तोंड वाकडं नाय करायचं. नाव नाय विचारायचं, जात नाय विचारायची. जो आधी बसेल त्याचा पाय आधी."

लोक यायचे ते मासवणच्या, मनोरच्या बाजूने. डोंगरातली माणसं. आषाढभर दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्या खाचरांत वाकून लावणी केलेली. महिनाभर चिखलात राहून बोटांच्या बेचक्या कुजलेल्या असायच्या, चिखल्या म्हणतात त्याला. पांढरी, फुगलेली, सालं निघणारी कातडी. टाचांना भेगा, त्यांत माती बसलेली. कुणाला विळा लागलेला, कुणाला काटा मोडून पिकलेला. ते देवळामागे विहिरीपाशी फळीवर बसायचे, डोक्यावर पानांची इरली. देवळामागच्या त्या पडवीत ओल्या कांबळ्याचा, धुराचा आणि त्या पायांचा असा एक वास भरायचा. तो वास मला आजही, या क्षणीही, एस.टी.त बसून येतोय.

पाणी तापवायचा मान देवलीच्या घरचा. ती वारली समाजातली, मासवणच्या पुढच्या पाड्यावरची. आदल्या दिवशी लाकडाची मोळी आणि कडुनिंबाचे डहाळे घेऊन चालत यायची. तेव्हा ती तरुण होती, आईपेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. आम्ही शेंबडी पोरंसुद्धा तिला "ए देवली" म्हणायचो. कुणी आम्हाला टोकलं नाही. आता मी तिला मावशी म्हणते, आणि प्रत्येक वेळी तो शब्द तोंडातून निघताना मला माझंच ते जुनं "ए देवली" ऐकू येतं. शी, काय आम्ही लोक!

पाण्यात कडुनिंब, हळद, मूठभर मीठ. आई पाटावर बसायची, पाय मांडीवर घ्यायची. हो, मांडीवर. बोटं एकेक करून वेगळी करायची, बेचक्यांतली घाण अंगठ्याने काढायची, पाणी घालायची, स्वतःच्या पदराने टिपायची, करंजाचं तेल लावायची. तिचा चेहरा त्या वेळी अगदी कोरा असायचा. वडील कोरायला घ्यायचे त्याआधीच्या पोलादासारखा. मी दुरून बघायची आणि मला खात्री होती की आईला नाक नाही. तिला वास येतच नाही. लखमायने तिला तसं वरदान दिलंय.

अकरा वर्षांची झाले तेव्हा आईने मला पाणी ओतायला घेतलं. पहिल्या तिघांना मी श्वास कोंडून ओतलं. चौथा एक काळा, उंच माणूस होता. पावलावर नांगराचा फाळ लागला होता, त्यावर पाला बांधला होता. आईने पाला सोडला. जखम उघडी झाली आणि तिच्यात काहीतरी पांढरं हललं.

मी फ्रॉकचा घेर उचलून नाकातोंडावर दाबला आणि माझ्या तोंडून "शी!" निघालं. मोठ्याने. सगळ्यांनी ऐकलं.

तो माणूस माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. त्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग हळूच तो आईच्या मांडीवरून काढून घेतला, चुकून कुणाच्या ताटात हात गेल्यासारखा, आणि उठला. लंगडत बांधावरून निघाला, पावसात. आई ओल्या हातांनी त्याच्या मागे धावली. "अरे दादा, बस रे! पोर हाय ती, बस!" बांध संपला तिथपर्यंत गेली. तो वळला नाही. आई परत आली, पाटावर बसली, पुढच्याला म्हणाली, "या."

ती मला ओरडली नाही. मारलं नाही. पुढच्या वर्षी पाणी ओतायला शेजारच्या सुमनला बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मला पुन्हा कधीच बोलावलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. सुटले, असंच वाटायचं मला. लग्न होऊन पालघरला गेले तेव्हा तर फारच सुटल्यासारखं वाटलं.

त्या माणसाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

चिंचणीच्या अलीकडे उतरले तेव्हा भुरभुर चालू होती. देवळाचा आवाज नाक्यापासूनच ऐकू येत होता, कर्ण्यावर कसलंतरी धांगडधिंग्याचं गाणं, मध्येच "भाविकांनी चपला रांगेत काढाव्यात". जुनं देऊळ म्हणजे कौलारू पडवी आणि एक शेंदूर लावलेली शिळा होती. आता तिथे काय आहे सांगू? बाथरूमच्या टाइल्स. खरंच, आमच्या पालघरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये आहेत त्याच, निळ्या पाकळ्यांच्या. आत संगमरवराची लखमाय, राजस्थानातून आणलेली. गोरीपान, ओठ लालभडक, नाकात नथ, हातात कमळ, डोक्यावर मुकुट. जिने दागिन्यांची पेटी सासूपुढे ठेवली आणि झिजलेल्या बोटांनी मेली, तिला हे! मला रडू आलं की ओकारी, ते कळेना.

मूर्तीपुढे चौरंगावर चांदीच्या पादुका. तीन वर्षांपासून समितीने "पायधुणी" म्हणजे पादुकांवर दुधाचा अभिषेक असं ठरवून टाकलंय. रांग लागली होती. एक स्वयंसेवक दुधाच्या पिशव्या दाताने फाडून भाविकांच्या हातात देत होता. दाताने! त्या पिशवीतलं दूध पादुकांवर, तिथून पन्हाळीतून मागच्या गटारात. गटारात दूध नासून दही झालं होतं, त्यावर माश्यांचा थर, आणि दोन कुत्री त्यात तोंड घालून उभी. आत मात्र मोगऱ्याच्या वासाचा फवारा दर पाच मिनिटांनी फुसफुसत होता. मी आयुष्यात खूप घाण वास घेतलेत. त्या मोगऱ्याइतका घाण एकही नव्हता.

"ताई! आलीस!" समितीचा अध्यक्ष बाळूदादा धावत आला. नात्याने माझा आतेभाऊ. वाईट माणूस नाही हो तो, उलट आईच्या आजारपणात दोनदा गाडी घेऊन आला होता. गळ्यात भगवं उपरणं, हातात मोबाइल. त्याने मला बाजूला घेतलं. "अगं, कशाला या वयात घाण करून घेतेस? मामीचं ठीक होतं, तिला लोक बोलू शकत नव्हते. आता भाविकांना बघवत नाही ते. पादुकांवर दूध कसं छान दिसतं, फोटोत पण छान येतं. तू एक पिशवी वाहा, मान तुझाच राहील म्हणून मी सांगतो सगळ्यांना."

"आणि घंगाळ?"

"कपाट तयार आहे की. आतून दिवे लावलेत. खाली मामीचं नाव पण घालू."

खरं म्हणजे मला हो म्हणायचं होतं. कुणीतरी असं सोपं करून द्यावं याचीच मी चार महिने वाट बघत होते. बाळूने माझा चेहरा वाचला आणि खिशातून निळ्या रबरी हातमोज्यांचा जोड काढला. "नाहीतर हे घाल. दवाखान्यातले आहेत. मागच्या शेडमध्ये एकाचे धू आणि मोकळी हो. फक्त अभिषेकाला बोलावलेले पाहुणे यायच्या आत, आणि इथे पुढे नको, वास येतो."

मी हातमोजे घेतले. घेतलेच. घंगाळ उचललं आणि मागे गेले.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही, ती सांगून टाकते. आई शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. तिला पाठीला जखमा झाल्या होत्या. ज्या बाईने आयुष्यभर अनोळखी माणसांच्या जखमा मांडीवर घेतल्या, तिच्या जखमा धुवायला मी पगारी बाई ठेवली. मी रविवारी जायची, रुमालावर यूडीकोलनचे दोन थेंब घालून. आईच्या उशाशी बसायची, पायथ्याशी नाही. ती बघायची माझ्या रुमालाकडे. एकदा म्हणाली, "तू जा गं, गाडी चुकेल." अजून तासभर होता गाडीला. मी उठले आणि गेले. माझी मलाच जितकी किळस येते, तितकी त्या बोईसरच्या नाल्याची येत नाही.

शेडमध्ये धूर कोंडला होता. देवलीमावशी तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवी बसून फुंकत होती. पंच्याहत्तरी उलटली असेल, पाठीला बाक आलाय, पण लुगडं अजून तसंच गुडघ्यापर्यंत घट्ट. हल्ली ती मोळी घेऊन चालत येत नाही, सहा आसनी रिक्षाने येते, लाकडं मात्र अजून स्वतः फोडते. तिने घंगाळ बघितलं, मग मला बघितलं, मग माझ्या हातातले हातमोजे. उकळतं पाणी घंगाळात ओतलं, विहिरीचं घालून कोमट केलं, कडुनिंबाचा पाला सोडला.

फळीवर चार जण बसले होते. डोंगरातला एक म्हातारा, लावणी करून चिखल्या झालेली एक बाई, आणि बोईसरचे दोन कामगार. देवलीची सून तिथे साफसफाईला जाते, तिने त्यांना सांगितलं होतं की हितं पाय धुवून तेल लावतात. पहिला बसलेला कामगारच होता. तिशीचा असेल, फुलपँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. जो आधी बसेल त्याचा पाय आधी.

मी पाटावर बसले. बांगड्या सकाळीच उतरवल्या होत्या. हातमोजे मांडीवर होते.

त्याने रबरी बूट काढला. दिवसाचे बारा बारा तास त्या बुटात, आणि बुटात कसलंतरी पाणी जायचं, ते तो नंतर म्हणाला. मोजा कातडीला चिकटला होता. तो सोलून काढला तेव्हा वास आला. मी सांगूच शकत नाही कसा. कुजकं मांस आणि वर तो नेलपॉलिशचा गोडसरपणा, दोन्ही एकमेकांत कालवलेले. पाय पिवळा होता, घोट्यापर्यंत, आणि बोटांमध्ये कातडीच नव्हती. नखं काळी. टाचेवर एक खड्डा, त्यात पू.

माझा चेहरा वाकडा झाला. मी थांबवू शकले नाही. नाक, तोंड, सगळं आकसलं.

त्याने पाय आत घेतला. "बहुत बास है, माँजी. ग्लोज पहन लीजिए. नहीं तो रहने दीजिए."

मी हातमोज्यांकडे बघितलं. नवे होते, निळे, कोरे. मला वाटलं, आता हा उठेल आणि जाईल.

"बास है," मी म्हटलं. माझी हिंदी टपाल कचेरीतली, मनीऑर्डरपुरती. "बहुत बास है. मेरेको सहन नहीं होता. पाँव इधर दो."

"मुँह देखिए अपना," तो म्हणाला, आणि हसला. "हमारी अम्मा भी मछली काटते बखत ऐसा ही मुँह बनाती है."

"तो फिर काटती है ना? दो पाँव."

त्याने दिला. मी हातमोजे बाजूला सारले आणि तो मांडीवर घेतला. गरम होता, ताप आल्यासारखा, आणि जड. मला का कोण जाणे वाटलं होतं की असला पाय गार असेल. मी पाणी घातलं. तो शहारला, फळी घट्ट धरली. मी बोटं वेगळी केली, एकेक. अंगठ्याने बेचकी पुसली, आणि काहीतरी बुळबुळीत माझ्या अंगठ्याबरोबर आलं. चंदन नाही झालं त्याचं. सोनचाफाबिफा काही नाही. माझं तोंड वेडंवाकडंच होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी धूत होते. टाच झाली. पदराने टिपलं. करंजाचं तेल लावलं. मग दुसरा पाय. त्याला विचारलं, दवाखान्यात गेलास का? तो म्हणाला, सुट्टी नहीं मिलती. मी म्हटलं, उद्या पालघरला ये, मी येते तुझ्याबरोबर, या पायाला धुणं पुरायचं नाही. तो "जी" म्हणाला. दुसरा पाय खाली ठेवला.

मी उठून धावले. विहिरीच्या मागे फणस आहे, त्याच्या खोडाला धरलं आणि ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं कडू पाणी. पुन्हा आलं, पुन्हा. संपलं, मी मनाशी म्हटलं. आई जन्मभर कोऱ्या चेहऱ्याने बसली, आणि मला एक माणूस झेपला नाही. तोंड वाकडं केलं, वर ओकलेही. हा काय मान झाला? घेऊन जा म्हणावं घंगाळ, ठेवा कपाटात, लावा दिवे. मी नाही या घरातली.

मागे पावलं वाजली. देवलीमावशी, हातात पाण्याने भरलेला तांब्या.

"मावशी, मला नाही जमलं," मी म्हटलं.

"चूळ भर," ती म्हणाली. तांब्या पुढे केला. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं की कीव नव्हती. "आनि हिकडून धर जाडाला, तिकडं माती सरकते. तुजी आय हिकडून धरायची."

"आई?"

"मंग? दर वरसाला. पयला पाय जाला का धावत यायची हितं. कदी एकदा, कदी दोनदा. मीच पानी आनायची. मागल्या वरसाला तर मी धरून उबी केली तिला." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, तिचा तळवा खरखरीत होता. "कुनाला सांगू नको बोलायची. पोरीला तर नायच नाय."

तांब्या हातात तसाच.

"तुला काय वाटला, तिला वास येत नवता?" देवली म्हणाली. "चल. अजून तिगं बसल्यात, पानी निवंल."

मी चूळ भरली, आणि तिच्यामागून गेले.